मानव संसाधन : एका समासाचा इतिहास

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'व्यूहात्मक मानव संसाधन व्यवस्थापन' असा एक भारदस्त शब्दसमूह आढळतो. साहित्याचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांना तो परका वाटणे स्वाभाविक आहे. पण हा परकेपणा वरवरचा आहे. 1985 साली केंद्रातील शिक्षण मंत्रालयाचे नाव बदलून ते 'मानव संसाधन विकास मंत्रालय' झाले आणि 2020 साली ते पुन्हा 'शिक्षण मंत्रालय' होईपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, या देशातील प्रत्येक शाळा, महाविद्यालय आणि विद्यापीठ याच शब्दाच्या छत्राखाली होते. मराठी वृत्तपत्रांनी त्याला 'मनुष्यबळ विकास' असे म्हटले. कविता शिकवणारा आणि कविता शिकणारा हे दोघेही त्या काळात अधिकृतरीत्या संसाधन होते. तेव्हा या शब्दाची चौकशी करण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.

चौकशीची सुरुवात आपल्या परिचयाच्या जागेवरून, व्याकरणापासून करू. 'मानव संसाधन' या समासाचा विग्रह कसा करायचा? 'मानव हेच संसाधन' असा केला तर तो कर्मधारय होतो. कोळसा, कापूस, पाणी यांच्या पंक्तीत माणूस जाऊन बसतो आणि या साधनाचा वापर करणारा कोणी दुसराच असतो. 'मानवाची संसाधने' असा केला तर तो षष्ठी तत्पुरुष होतो. मग साधनांचा धनी माणूस ठरतो. त्याचे कौशल्य, त्याची नाती, त्याची पत, त्याचा वेळ ही त्याची साधने होतात. इंग्रजी मूळ शब्दातही ही संदिग्धता आहेच. आधुनिक संस्थांमधील माणसांच्या व्यवस्थापनाचा इतिहास हा या दोन विग्रहांमधील ताणाचा इतिहास आहे, असे मला वाटते. मुंबईच्या कापड गिरण्यांइतका तो क्वचितच कोठे स्पष्ट दिसतो.

या विषयाचा रूढ इतिहास साधारणपणे असा सांगितला जातो. 1911 साली फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक आले आणि कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप सुरू झाले. 1924 ते 1932 या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात जे प्रयोग झाले, त्यांतून कामगार हे यंत्राचे लांबलेले टोक नसून गटात वावरणारा, मान-अपमान जाणणारा माणूस आहे, असा निष्कर्ष एल्टन मेयो आदींनी काढला. 1954 साली पीटर ड्रकर यांनी आपल्या व्यवस्थापनविषयक ग्रंथात 'मानवी संसाधन' ही संज्ञा ठळकपणे वापरली. पुढे 1984 साली अमेरिकेत दोन महत्त्वाची पुस्तके प्रसिद्ध झाली आणि या विषयाला 'व्यूहात्मक' हे विशेषण कायमचे चिकटले. भारतात 1970 च्या दशकाच्या मध्याला लार्सन अँड टुब्रो या कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मानव संसाधन विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, येथून आपल्याकडील कथा सुरू होते.

ही कथा खोटी नाही, पण ती एकरेषीय प्रगतीची कथा आहे. तीत माणूस हळूहळू यंत्राचा भाग या अवस्थेतून बाहेर पडतो आणि संस्थेची 'सर्वांत मौल्यवान मालमत्ता' होतो. शिवाय तीत विचार नेहमी पश्चिमेला जन्मतो आणि आपल्याकडे उशिरा पोचतो. 'व्यूहात्मक' या विशेषणाची व्याख्या मात्र अगदी साधी आहे : माणसे किती घ्यायची, कशी घ्यायची, त्यांना काय द्यायचे, त्यांना काय शिकवायचे आणि केव्हा काढून टाकायचे, हे निर्णय धंद्याच्या दूरच्या हेतूंशी जाणीवपूर्वक जोडणे. ही व्याख्या मान्य केली, तर असा व्यूह गिरणगावात कितीतरी आधी रचला गेला होता, असे म्हणावे लागते. फक्त त्याला नाव नव्हते आणि तो एका माणसाच्या रूपाने खात्यात वावरत असे. त्या माणसाला जॉबर म्हणत.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा परिसर चिमण्यांनी भरून गेला. या गिरण्यांत हजारो माणसे काम करीत. पण त्यांना कामावर घेणारे कार्यालय म्हणून काही नव्हते. ते काम जॉबरचे. तो माणसे आणी, त्यांना मागावर किंवा चातीवर उभे करी, काम शिकवी, यंत्र बिघडले तर दुरुस्त करी, हजेरीवर नजर ठेवी, आणि मनात आले तर काढूनही टाकी. कामावर लावण्याबद्दल तो दस्तुरी घेई. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत हाती येत नसल्यामुळे कामगाराला उसनवारी करावीच लागे, आणि पुष्कळदा कर्ज देणाराही जॉबरच असे किंवा त्याच्या ओळखीचा सावकार. स्त्रिया काम करीत त्या खात्यांत हीच भूमिका नायकिणीची असे.

या पद्धतीचे स्पष्टीकरण पुष्कळ काळ असे दिले गेले की, कोकणातून आणि घाटावरून आलेला शेतकरी औद्योगिक शिस्तीला सरावलेला नव्हता. तो मनाने गावातच होता. त्याला हाताळायला त्याच्याच मुलखातला, त्याच्याच भाषेत बोलणारा मध्यस्थ आवश्यक होता. म्हणजे जॉबर हा मागासलेपणाचा अवशेष ठरला. या समजाला पहिला मोठा धक्का मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी 1965 सालच्या आपल्या ग्रंथात दिला. मुंबईच्या गिरण्यांना माणसांचा तुटवडा कधीच नव्हता आणि बेशिस्तीचे मूळ कामगारांच्या ग्रामीण मनात शोधण्याऐवजी मालकांच्या धोरणात शोधावे, असे त्यांचे म्हणणे होते. राजनारायण चंदावरकर यांनी 1994 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा धागा आणखी पुढे नेला.

चंदावरकरांची मांडणी आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुंबईच्या गिरणीमालकांचे भांडवल तुटपुंजे होते आणि बाजार लहरी होता. चीनला जाणाऱ्या सुताचा व्यापार जपानी स्पर्धेमुळे हातचा गेला, देशांतर्गत मागणी पीकपाण्यावर आणि हंगामावर हेलकावे खात राहिली. अशा स्थितीत मोठा साठा करून ठेवण्यापेक्षा मागणी येईल तसे उत्पादन वाढवणे आणि घटवणे मालकांना सोयीचे होते. त्यासाठी कामगारांची संख्याही वाढवता-घटवता यायला हवी. सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या घोळक्यातून हवी तितकी माणसे आत घेण्याची सोय जॉबरमुळे झाली. या माणसांना 'बदली' म्हणत. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी बदलीवाल्याला काम मिळे. नसेल तर भोंगा वाजून गेल्यावर तो घरी परते. मालकाच्या खातेवहीत या परतलेल्या माणसाचा कोठेही खर्च पडत नसे. बाजारातील अनिश्चिततेचा भार मालकाने अशा रीतीने फाटकाबाहेर नेऊन ठेवला होता. यापेक्षा अधिक 'व्यूहात्मक' रचना कोणती असू शकते?

या व्यूहाची किंमत काय होती, हेही पाहायला हवे. जॉबर आपल्या गावचे, आपल्या नात्याचे, आपल्या जातीचे लोक आणी; त्यामुळे भरतीचे मार्ग जातीच्या आणि गावकीच्या वाटांनीच जात. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण विणाई खात्याचे आहे. हे खाते तुलनेने चांगल्या मजुरीचे. पण धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्य मानलेल्या कामगाराच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा हाती घ्यायला सवर्ण कामगार तयार नसत. परिणामी दलित कामगारांना विणाई खात्याचे दार बंद राहिले. ते कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडले. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाने जातीच्या बाजूने कोणताही लेखी नियम केलेला नव्हता, त्याला तशी गरजच नव्हती. भरतीचे काम जॉबरकडे सोपवणे एवढेच पुरेसे होते. एखाद्या संस्थेचे धोरण तिच्या लेखी नियमांत जेवढे असते, तेवढेच तिने न केलेल्या नियमांतही असते, हा धडा धोट्याच्या या गोष्टीतून मिळतो.

आतापर्यंतचे वर्णन पहिल्या विग्रहाचे, 'मानव हेच संसाधन' या अर्थाचे झाले. पण गिरणगावाचा इतिहास येथे थांबत नाही. कामगारांनीही आपला व्यूह रचला होता, आणि त्याची साधने त्यांची स्वतःची होती.

पहिले साधन गाव. रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा कामगार जमिनीचा तुकडा सोडत नसे, कुटुंबातले काही जण तिकडेच ठेवी आणि वर्षातून काही दिवस गावी जाई. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही गैरहजेरी, अर्धवट औद्योगिकता. कामगाराच्या दृष्टीने तो विमा होता. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांची कोणतीही जबाबदारी गिरणी घेत नव्हती. मग गावचे घर सोडणे हाच वेडेपणा ठरला असता. दुसरे साधन चाळीतला गाळा, ज्यात एका गावची माणसे वर्गणी काढून, पाळ्यांप्रमाणे जागा वाटून राहत. तिसरे साधन खाणावळ. एकट्या राहणाऱ्या पुरुषांना महिनाभर उधारीवर जेवू घालणारी बाई ही गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेचा कणा होती, आणि 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांच्या बळावर. चौथे साधन कोपऱ्यावरच्या वाण्याची वही.

ही साधने किती खरी होती ते 1928 साली दिसले. त्या वेळी गिरण्यांत 'कार्यक्षमता योजना' येऊ घातल्या होत्या. दोन मागांऐवजी तीन माग, कातणीत एका बाजूऐवजी दोन बाजू एकाच कामगाराने सांभाळायच्या, असे त्यांचे स्वरूप होते. टेलरचे विचार लालबाग-परळला पोचले ते असे. त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळपास सहा महिने संपावर राहिले. कोणत्याही संघटनेच्या तिजोरीत इतक्या माणसांना सहा महिने पोसण्याइतका पैसा नव्हता. तो संप गाव, गाळा, खाणावळ आणि उधारी यांनी तोलून धरला. मालक ज्याला मागासलेपणा म्हणत होते, तीच कामगाराची ताकद निघाली. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. जॉबर हा मालकाचा माणूस खरा. पण त्याची सत्ता आपल्या माणसांच्या विश्वासावर उभी असल्यामुळे संपाच्या काळात त्यालाही पुष्कळदा त्यांच्या बाजूने उभे राहावे लागे.

येथे एका शब्दाची नोंद करावीशी वाटते. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची जी संघटना उभी केली, तिचे इंग्रजी नाव 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' असे होते. त्या काळच्या इंग्रजीत कामगार म्हणजे 'हात'. लोखंड्यांनी तोच शब्द उचलला आणि हातांनाही विश्रांती लागते, त्यांनाही आठवड्याचा एक दिवस स्वतःचा हवा, हे मालकांकडून वदवून घेतले. 1890 साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मान्य झाली. दुसऱ्याने दिलेले नाव स्वीकारून त्याचा अर्थ आपल्या बाजूने वळवण्याचा हा प्रकार पुढील काळातही दिसतो.

1928 च्या धक्क्यानंतर जॉबरच्या हातातील सत्ता काढून ती कार्यालयाच्या हाती देण्याचे प्रयत्न सुरू झाले. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात भरतीचे काम जॉबरकडून काढून घ्यावे आणि स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. 1934 च्या मुंबई सरकारच्या कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. गिरण्यांनीही आपापले अधिकारी नेमण्यास सुरुवात केली. 1935 साली गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांसाठी नियंत्रण योजना आणली. ठरावीक संख्येच्या बदलीवाल्यांना महिन्याच्या आरंभी कार्ड द्यायचे, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आजच्या मानव संसाधन अधिकाऱ्याचे आपल्याकडील पूर्वज शोधायचे तर ते या कामगार अधिकाऱ्यात आणि कल्याण अधिकाऱ्यात सापडतात.

या बदलाचे मोल कमी लेखता येणार नाही. जॉबरच्या मर्जीच्या जागी कार्ड, नोंदवही आणि तक्रारीची वाट आली. ज्याला दस्तुरी देणे परवडत नव्हते, त्याच्यासाठी ही खरी सुटका होती. पण कार्डाने बदली पद्धत संपवली नाही, तिला अधिकृत केले. फाटकाशी उभा राहणारा माणूस आता नोंदलेला होता, एवढाच फरक. वर्षानुवर्षे बदली म्हणून राबलेल्या कामगारांची एक मोठी फळी 1980 पर्यंत गिरण्यांत तयार झाली होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. पण या वेळी मालकांचा व्यूह वेगळा होता. काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळवता येत होते आणि गिरणीच्या यंत्रांपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची होऊ लागली होती. ज्या मालकाला कामगाराची गरजच उरलेली नाही, त्याच्यासमोर काम थांबवण्याचे शस्त्र बोथट ठरते. 1928 ला तारून नेणारी गाव-खाणावळीची साधने या वेळी पुरी पडली नाहीत. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातील कुटुंब या विरण्यातूनच आपल्यापुढे येते.

गिरणगावातील घरे अशी मोडत असताना, 1984 साली, अमेरिकेत वर उल्लेखिलेली दोन पुस्तके आली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण त्या एकाच काळात घडल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पहिले पुस्तक फॉम्ब्रन, टिची आणि देवान्ना यांनी संपादित केलेले. निवड, मूल्यमापन, मोबदला आणि विकास ही चार कामे धंद्याच्या व्यूहाशी घट्ट बांधावीत, असा त्याचा आग्रह. दुसरे हार्वर्डच्या मायकेल बिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्यात संस्थेच्या बऱ्यावाईटात भागधारकांप्रमाणेच कामगार, त्यांच्या संघटना, समाज आणि शासन यांचेही हितसंबंध गुंतलेले असतात, हे गृहीत धरले होते. पुढील अभ्यासकांनी या दोन परंपरांना अनुक्रमे 'कठोर' आणि 'मृदू' अशी नावे दिली. आपल्या भाषेत सांगायचे तर एकाच समासाचे हे दोन विग्रह आहेत, पहिल्याचा कर्मधारय आणि दुसऱ्याचा कल तत्पुरुषाकडे. त्या शास्त्राला आपल्या शब्दातील दुफळी पहिल्यापासून ठाऊक होती, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. व्यवहारात बहुतेक संस्थांची भाषा मृदू राहिली आणि हिशेब कठोर राहिला, ही गोष्ट वेगळी.

आता हा इतिहास आपल्या दारापर्यंत आणणे भाग आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकांचा एक मोठा वर्ग गेल्या काही दशकांत निर्माण झाला. घेतलेल्या तासांपुरते मानधन, तेही पुष्कळदा उशिराने. सत्र संपले की नेमणूक संपली. पुढील वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. महाविद्यालय आणि गिरणी यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ते पुसून टाकण्याचा माझा हेतू नाही. महाविद्यालयाला सुताचा बाजार नसतो. पण रचना ओळखीची आहे. अनुदानाची आणि विद्यार्थिसंख्येची अनिश्चितता संस्थेने सोसायची की व्यक्तीने, हा प्रश्न तोच आहे आणि त्याचे दिलेले उत्तरही तेच आहे. एम. ए., सेट-नेट, काहींच्या बाबतीत पीएच. डी. झालेला हा अध्यापक म्हणजे कार्ड मिळालेला बदलीवाला आहे. ज्या काळात शिक्षण खाते 'मानव संसाधन विकास' हे नाव मिरवत होते, त्याच काळात ही पद्धत रुजली, हा विरोधाभास वाटू शकेल. पण पहिला विग्रह घेतला तर त्यात विरोध काहीच नाही. संसाधन लागेल तेव्हा, लागेल तितके वापरायचे असते.

यात नुकसान केवळ त्या अध्यापकाचे होत नाही. बदलीवाल्याला कोणता माग आज मिळेल हे ठाऊक नसे, त्यामुळे मागाची नीट ओळख होणे अवघड जाई. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे माहीत नसलेल्या अध्यापकाने एखाद्या विद्यार्थ्याचे वाचन तीन वर्षे घडवत नेण्याचा संकल्प कशाच्या आधारावर करायचा? आणि त्याची साधने तरी कोणती? गाळ्याची आणि खाणावळीची जागा घेईल असे त्याच्यापाशी फारसे काही नाही. प्रत्येक जण आपापल्या नेमणूकपत्रासह एकटा आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या साऱ्यात काय करावे? व्यवस्थापनशास्त्र त्याने तुच्छ मानू नये, कारण त्या शास्त्राने जॉबरची मनमानी मोडली आहे. त्याने फक्त आपले जुने काम करावे आणि विग्रह विचारावा. कोणतेही भरतीचे धोरण, मूल्यमापनाचा तक्ता किंवा 'मनुष्यबळ आराखडा' समोर आला की तो कोणत्या अर्थाने लिहिला आहे, त्यातील अनिश्चितता कोणाच्या पदरात टाकली आहे, आणि ज्या नियमांबद्दल त्यात मौन आहे ते कोणाच्या सोयीचे आहे, हे वाचून काढावे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी 2004 साली गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ही माणसे स्वतःविषयी बोलतात. कोणी कोणाला कामाला लावले, कोणाकडे जेवले, संपात कोणी उधार दिले, हे ती सांगतात. त्यांच्या बोलण्यात समासाचा दुसरा विग्रह आपोआप झालेला असतो. 2020 साली मंत्रालयाची पाटी बदलली, हे बरेच झाले. पण पाटीमागचा विग्रह बदलला की नाही, हे महाविद्यालयाच्या हजेरीपटावरील तासिका तत्त्वाच्या नावांची यादी पाहूनच ठरवावे लागेल.